नळाला आलेली खुशाली

रात्री पावणेदोन वाजता गल्लीत कुणीतरी बोंबलतं, "सुटलं बे, सुटलं!" बाहेरगावचा पाहुणा मुक्कामाला असला तर ताडकन उठून बसतो. त्याला वाटतं, कुणाचा बैल सुटला, नाहीतर पिसाळलेलं कुत्रं. सोलापुरात अशा अवेळी एकच गोष्ट सुटते. पाणी.

पाच मिनिटांत गल्ली जागी होते. हंडे, घागरी, बादल्या, निळे बॅरल, लग्नात आहेर आलेलं पातेलं, सगळं ओट्यावर येऊन उभं राहतं. आमच्या गल्लीत पाण्याला चार नावं आहेत. आम्ही पाणी म्हणतो, समोरच्या पद्मशाली अक्का नीळ्ळु म्हणतात, कोपऱ्यावरचे अण्णा नीरु म्हणतात आणि त्यांच्या शेजारचे चाचा पानी. चार भाषांत मागणी जाते, म्हणूनच बहुधा ते चार दिवसांनी एकदा येतं. भाषेमागे एक दिवस. कधी पाचव्या दिवशी आलं, तर समजायचं की साहेबांनी इंग्रजीचाही मान राखला.

आलेलं पाणी लगेच भरायचं नसतं. आधी त्याची मुलाखत घ्यायची असते. पहिली बादली फरशीला. दुसरी कुंडीतल्या तुळशीला. तिसरीपाशी आमच्या सौ. वाकतात, ओंजळीत घेतात आणि डोळे मिटून हुंगतात. अत्तराच्या दुकानात गिऱ्हाईक एवढा वेळ लावत नाही.

"आज औषधाचा वास हाय," असं म्हणाल्या की भरायला हरकत नसते. क्लोरीन पडलेलं असतं. "आज मातीचा हाय," म्हणाल्या की भरायचं, पण उकळायचं. "आज गटारीचा हाय," म्हटल्यावर बादली रस्त्यावर आणि पाणीपुरवठ्याला फोन. तो फोन कुणी उचलत नाही, पण केल्यानं मन मोकळं होतं.

यातला मातीचा वास कवितेत छान वाटतो, पेल्यात नाही. पाण्यात एका जातीचं निळं-हिरवं शेवाळ माजलं की ते एक द्रव्य सोडतं आणि पाण्याला पहिल्या पावसाचा वास येतो. मे महिन्यात नळाला मृगाचा वास आला तर छत्री शोधू नये. उजनी हिरवी झाली, एवढाच त्याचा अर्थ.

परवा असाच मातीचा वास होता आणि नेमका सकाळी चिरंजीवांचा फोन आला. चिरंजीव पुण्यात असतात. सोलापूरच्या निम्म्या घरांतले चिरंजीव पुण्यात असतात, उरलेल्या निम्म्या घरांत पुण्याची तयारी चालू असते. आमचे वाकडला चौदाव्या मजल्यावर राहतात आणि हिंजवडीत काम करतात. फोनवर म्हणाले, "बाबा, पाणी उकळून प्या. ग्रुपवर वाचलं, उजनीचं पाणी लई खराब झालंय. लोकांना काही वाटतं की नाही?"

त्यांनी काळजीनं विचारलं होतं. मी नकाशा काढून बसलो.

वाकडच्या चौदाव्या मजल्यावर साखळी ओढली, की ते पाणी चौदा मजले उतरून जायला निघतं. सोसायटीत शुद्धीकरण यंत्र असतं. ते चालू असतं की नाही, हे सोसायटीच्या वीजबिलावर आणि सेक्रेटरीच्या मूडवर अवलंबून असतं. तिथून नाला, नाल्यातून मुळा. दापोडीला पवना येऊन मिळते, ती पिंपरी-चिंचवडची खबरबात घेऊन येते. पुढे संगमाला मुठा मिळते, ती अख्ख्या पेठांची खबर आणते, न विचारता आणि सविस्तर. मग दोघींची मुळा-मुठा होऊन मुंढवा, थेऊर करत रांजणगाव सांडसला भीमेत उतरते. तिच्याआधी तुळापूरला इंद्रायणी भीमेत आलेलीच असते. भीमा दौंडवरून उजनीत येते. आणि उजनीतून एकशे दहा किलोमीटरच्या पाइपातून रात्री पावणेदोनला आमच्या ओट्यावर.

म्हणजे लोक म्हणतात, पुण्याला गेलेली पोरं आईबापाला विसरतात, ते खोटं आहे. पैसे पाठवायला विसरतील, फोन करायला विसरतील, पण पाणी दररोज पाठवतात. एक दिवस खंड नाही. फक्त ते टपालासारखं उशिरा पोचतं. उजनीत महिनोन्महिने मुक्काम करतं. चिरंजीवांनी लग्नाआधी सोडलेलं पाणी सूनबाई घरात आल्यावर आमच्या नळाला आलं असेल, तर आम्ही काय ओळखणार?

मी हे सौ.ना सांगितलं. त्या तिसऱ्या बादलीकडं बघत म्हणाल्या, "म्हणजे पोरगं सुखरूप हाय म्हणा की."

*

वारीला आपण फार मानतो. मानायलाच पाहिजे. माउलींची पालखी आळंदीहून, तुकोबांची देहूहून निघते. दोन्ही गावं इंद्रायणीच्या काठी. पालख्या पुण्यात मुक्काम करतात आणि अठरा-वीस दिवसांत पंढरीला पोचतात. पण त्याच आळंदीहून, त्याच पंढरीला, आणखी एक वारी निघते. ती वर्षातून एकदा निघत नाही, रोज निघते. तिला रिंगण नाही, विसावा नाही. पांढरा फेस डोक्यावर घेऊन ती इंद्रायणीतून चालू लागते. रस्त्यानं वारकरी जातो आणि नदीतून त्याच्या गावचं सांडपाणी जातं. दोघांची भेट चंद्रभागेत होते. वारकरी कंबरभर पाण्यात उतरतो, हात जोडतो आणि बुडी मारतो. नदीतून आलेली वारी त्याला कडकडून भेटते. पुढचे आठ दिवस तो डॉक्टरकडं असतो.

सरकारला याची लाज वाटली नाही असं नाही. २०१६ साली 'नमामि चंद्रभागा' आलं. २०२२ पर्यंत चंद्रभागा निर्मळ करायची, असं ठरलं. नमामि म्हणजे नमस्कार करतो. नमस्कार झाला. आपल्याकडं नमस्कार दोन वेळा करतात, येताना आणि जाताना. २०२२ येऊन गेलं. हा कुठला होता, ते समजायचं राहिलं.

पुण्यानंही हातपाय हलवले. २०१६ साली जपानच्या मदतीनं मुळा-मुठेसाठी करार झाला. ९९० कोटी रुपये, ११ नवी शुद्धीकरण केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटर सांडपाणी धुऊन काढणार, मुदत २०२२. जपानी माणूस वेळेचा पक्का, असं ऐकलं होतं. पुण्यात आला आणि दुपारी एक ते चार त्याचाही डोळा लागला असावा. मुदत वाढली. मुदत वाढायला काही खर्च येत नाही, वाढतो तो फक्त प्रकल्पाचा.

बरं, आपण मागासलेले म्हणून हे होतं असंही नाही. कायद्यात महाराष्ट्र केंद्राच्याही पुढे. केंद्र सरकारनं जलप्रदूषणाचा कायदा केला १९७४ साली. महाराष्ट्रानं स्वतःचा कायदा १९६९ सालीच केला होता आणि ७ सप्टेंबर १९७० ला प्रदूषण मंडळही काढलं होतं. मंडळानं पन्नाशी ओलांडली. राज्यानं पहिला नंबरही काढला. केंद्रीय मंडळानं २०२२ साली देशातल्या प्रदूषित नद्यांचे ३११ पट्टे मोजले, त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रात. देशात सर्वांत जास्त. आधी कायदा, मग मंडळ, मग पहिला नंबर. क्रम कुठंही चुकला नाही.

*

आता आमची उजनी. १९८० साली धरण उभं राहिलं, यशवंतसागर त्याचं नाव. पोटात ११७ टीएमसी पाणी. त्यातलं त्रेसष्ट टीएमसी मृतसाठा. मृतसाठा म्हणजे ज्याला हात लावायचा नसतो असं पाणी. घरातल्या पुरून ठेवलेल्या हंड्यासारखं. पण सोलापूर जिल्हा हात न लावता राहील तर तो सोलापूर जिल्हा कसला? बाकी जगात शून्यावर हिशेब संपतो. आमच्या पेपरात पहिल्या पानावर रोज चौकट येते, 'उजनी वजा ३० टक्के', 'उजनी वजा ४० टक्के'. २०२४ च्या उन्हाळ्यात वजा पन्नासच्याही खाली गेली होती. शून्याच्या खालचं पाणी पिणारी आमच्यासारखी माणसं थोडीच. बँकेत शिल्लक वजा झाली तर मॅनेजर घरी येतो, इथं चावीवाला येतो.

पाणी खाली गेलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं. लोक गाड्या काढून बघायला जातात. देव वर आला म्हणून आनंद करायचा की पाणी खाली गेलं म्हणून रडायचं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण एक गोष्ट ठरलेली असते. पाणी निम्म्यानं कमी झालं म्हणून पुणं निम्म्यानं अंघोळ करत नाही. चार पेले सरबताला एक चमचा मीठ पडलं तर खपतं. एकाच पेल्यात तोच चमचा पडला तर तोंड वाकडं होतं. उन्हाळ्यातली उजनी हा तो एक पेला.

आणि चमच्यात असतं काय? शेवाळाचा खुराक. माणसाच्या मैल्यातलं नत्र, कपड्यांच्या पावडरीतलं फॉस्फेट, उसाच्या शिवारातून वाहून आलेला युरिया. आपण पिकाला जे घालतो तेच नदीला घातलं, नदीनं पीक काढलं. उजनी हिरवीगार होते. मग ते शेवाळ मरतं, कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं आणि माशांना पाण्यात राहून गुदमरायची पाळी येते. जुन्या जातींचे मासे घटले, राहिली ती चिलापी. चिलापी कुठंही राहते, काहीही खाते आणि कशाबद्दलही तक्रार करत नाही. नळ असलेल्या शहरात राहायला तिच्याइतकं लायक कुणी नाही.

आता शनिवार-रविवारी भिगवणला जाऊन बघा. पुण्याच्या गाड्यांची रांग असते. हातात हातभर लांब कॅमेरे. रोहित पक्षी बघायला आलेले असतात. आपणच पाठवलेल्या पाण्यात उभा राहिलेला गुलाबी पक्षी बघून 'काय निसर्ग आहे!' म्हणायला काळीज लागतं. रोहित मात्र खुशीत असतो. त्याच्या चोचीतच देवानं गाळणी बसवून दिली आहे. पाणी आत घ्यायचं, खाणं ठेवायचं, बाकी बाहेर. आपल्याला तीच गाळणी दहा-पंधरा हजार रुपये मोजून भिंतीला टांगावी लागते आणि वर्षाला तिची मेणबत्ती बदलायची असते.

गाळणी नसेल त्यानं उकळावं. पण उकळण्यालाही मर्यादा आहे, हे चिरंजीवांच्या ग्रुपवर कुणी सांगत नाही. उकळल्यानं जंतू मरतात. शेवाळातल्या काही जाती जे विष सोडतात ते उकळीला भीक घालत नाही. ते काढायचं तर शुद्धीकरण केंद्रातच काढावं लागतं. त्याहून सोपं म्हणजे ते तयारच होऊ द्यायचं नाही. पण सोप्या कामाला निविदा काढता येत नाही.

*

लंडनमध्ये १८५८ साली अशीच पाळी आली होती. उन्हाळा कडक, थेम्स नदी म्हणजे शहराचं उघडं गटार, आणि पार्लमेंट नेमकं नदीच्या काठावर. खिडक्यांच्या पडद्यांना चुन्याचं औषध लावलं, तरी खासदार नाकाला रुमाल लावून पळायला लागले. आधी वर्षानुवर्षं जे सुचत नव्हतं ते अठरा दिवसांत सुचलं. कायदा झाला, पैसे मंजूर झाले, बॅझलजेट नावाच्या इंजिनिअरनं शहराखालून मैलोन्‌मैल गटारं काढली.

यात आपल्याला शिकण्यासारखं एकच आहे. मंत्रालयाची जागा चुकली. ते समुद्राकाठी आहे, तिथं वारा असतो. हिवाळी अधिवेशन नागपूरला होतं, तसं एक उन्हाळी अधिवेशन उजनीकाठी घ्यावं. महिना मे. मंडप भिगवणजवळ, वारा उजनीकडून मंडपाकडं असेल अशा बेतानं. आमदारांना बाटलीबंद पाणी नाही, त्याच पाण्याचा जग टेबलावर. अठरा दिवस कशाला, मला वाटतं पहिल्या लक्षवेधीतच मार्ग निघेल.

*

इथवर वाचून सोलापूरकर वाचक खूश झाला असणार. मलाही लिहिताना बरं वाटलं. पुण्याला शिव्या घालायला आम्हाला कारण लागत नाही, मिळालं तर सोडत नाही. पण ते गटारीच्या वासाचं निदान राहिलं. ते पुण्यातून आलेलं नाही.

पाइपात चार दिवस पाणी नसतं. रिकामा पाइप जमिनीत गप्प पडून असतो, त्याला जागोजाग भोकं, शेजारून गटार. पाणी सुटलं की आमच्या गल्लीत पहिलं काम काय होतं? नळाला थेट मोटर. समोरच्यानं अर्ध्याची लावली म्हणून मी एकची लावली, मी लावली म्हणून अण्णांनी दीडची. मोटर पाणी ओढते. पाइपातलं संपलं की जिथून मिळेल तिथून ओढते. भोकातून शेजारची गटार ओढते. ही गटार पुण्याची नाही, आमच्याच संडासाची आहे. आम्ही रात्री पावणेदोनला वीज जाळून ती परत घरात आणतो. आपलं ते आपल्याकडंच राहिलं पाहिजे, हा बाणा.

मग चार दिवसांची बेगमी बॅरलमध्ये. बॅरल कधी पूर्ण रिकामा होत नाही, झाकण अर्धवट. डेंग्यूच्या डासाला साचलेलं स्वच्छ पाणी लागतं, ते आम्ही घरोघर पुरवतो. मग पालिकेची माणसं येतात, बॅरलमध्ये बॅटरी मारून अळ्या दाखवतात आणि पाणी ओतून द्या म्हणतात. चौथ्या दिवशी मिळालेलं पाणी ओतून द्यायला सांगणाऱ्या माणसाकडं बाईमाणूस ज्या नजरेनं बघतं, ती नजर अळ्या मारायला वापरता आली असती.

बाकीचा हिशेबही मांडू. जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने. ऊस गोड, साखर गोड, साहेब गोड. कडू असतं ते फक्त मळीचं पाणी. नदीत अंघोळ करायची तर पाण्याची बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, असा नियम आहे. बीओडी म्हणजे घाण पचवताना जंतूंना लागणारा प्राणवायू. आकडा जेवढा मोठा तेवढी घाण जास्त. घरगुती मैलापाण्यात हा आकडा दोन-तीनशे असतो. मद्यार्क काढल्यावर उरलेल्या मळीच्या पाण्यात तो हजारांत असतो. नीट आटवलं, मळीबरोबर कुजवलं तर त्याचं खत होतं. अंधारात ओढ्याला सोडलं तर दुसऱ्या दिवशी मासे पोट वर करून तरंगतात आणि तिसऱ्या दिवशी 'नमुने घेतले' अशी बातमी येते. नमुने घेऊन जिथं ठेवतात तो साठा एव्हाना उजनीएवढा झाला असेल. त्यालाही मृतसाठाच म्हणावं.

शहरात चादरीचा, टॉवेलचा धंदा. सूत रंगवायचं म्हणजे रंग, मीठ, सोडा आणि ढीगभर पाणी आलंच. रंग चादरीवर पक्का बसला तर कारखान्याचं नाव होतं. नाल्यात तो त्याहून पक्का बसतो, त्याला कुणी नाव देत नाही.

आणि आमचा सिद्धेश्वर तलाव. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून खोदला. ना निविदा, ना मुदतवाढ. गड्ड्याच्या जत्रेत त्याच तलावाच्या काठी अक्षता पडतात, नंदीध्वज नाचतात, लाखो लोक हात जोडतात. आणि वर्षभर त्याच तलावात निर्माल्याची पिशवी गाठ न सोडता फेकतात. फूल कुजतं, पिशवी टिकते. आठशे वर्षांपूर्वी एका माणसानं तलाव खणायला गावाला कामाला लावलं. आज तो भरायला गाव स्वतःहून कामाला लागलंय.

*

मग आमचं पाणी जातं कुठं? शहराचं सांडपाणी देगावच्या केंद्रात जातं. जे जात नाही ते नाल्यांनी थेट जातं. शेवट दोघांचा एकच, सीना नदी. सीना पुढे दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते.

ही जागा बघण्यासारखी आहे. संगमावर जुनी देवळं आहेत, आणि तिथंच शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे, मराठीतल्या अगदी आद्य लेखांपैकी. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी असले लेख गावोगाव हिंडून उजेडात आणले. त्या लेखाचा अर्थ असा लावतात, की जो हे वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं किती दूरचं बघून ठेवलं होतं! आज त्या ठिकाणी भीमेतून पुणं येतं, सीनेतून सोलापूर येतं, दोघांची गळाभेट होते. ते पाणी पोटात गेल्यावर जो वाचेल, तोच विजयी.

तिथून भीमा कर्नाटकात शिरते. सोलापूरच्या नकाशातून गेली की आमच्या मते ती संपते. नदी मात्र संपत नाही. खाली अफजलपूरच्या भागात ती गाणगापूरला पोचते, अमरजेच्या संगमाला. आणि गाणगापूरला दर पौर्णिमेला अंघोळीला कोण जातं? सोलापूर. एसटी भरून, रेल्वे भरून. पुण्याच्या घाणीला नाक मुरडलेले आम्ही, स्वतःची घाण पुढे पाठवतो आणि तिच्या मागोमाग तिकीट काढून तिच्यात डुबकी मारायला जातो. आमच्या नावानं बोटं मोडणारी खालची माणसंही असतील. ती कन्नडमध्ये मोडत असल्यामुळे आमच्या निम्म्या गल्लीला कळतील, निम्मी सुटली.

भीमेच्या काठच्या प्रत्येक गावाला विचारा. प्रत्येक गाव खालचं आहे. वरचं एकही नाही.

*

उपाय विचारता? उपाय सगळ्यांना पाठ आहेत, म्हणूनच कुणी करत नाही. शुद्धीकरण केंद्र बांधायचं, आणि फीत कापल्यावर ते चालवायचंही. फीत कापायला नेता मिळतो, वीजबिल भरायला मिळत नाही. नुसती घाण गाळून थांबायचं नाही, शेवाळाचं खाद्य असलेलं नत्र-फॉस्फेटही काढायचं. धुतलेलं पाणी कारखान्यांना, शेतीला द्यायचं, म्हणजे चांगलं पाणी वाचतं. शहरात भोकं पडलेले पाइप बदलायचे, आणि थोडं का होईना, रोज पाणी द्यायचं. पाइप सदा भरलेला असला तर गटारीला आत शिरायला जागा राहत नाही. नळाशी लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे, ते बघायला ओटी टेस्ट असते. दोन थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर ठीक. गावात हे काम जलसुरक्षक करतो, टीसीएल पावडरचा डबा घेऊन. आणि घरच्या घरी म्हणाल, तर नळाची मोटर काढायची.

मी काढली. म्हणजे काढायचं ठरवलं. अण्णांना जाऊन म्हटलं, "तुम्ही काढता का? मग मी काढतो." अण्णा म्हणाले, "वरचे आधी काढू दे की सर, मग बघू." अण्णांच्या वरच्या बाजूला चाचा, चाचांच्या वर अक्का. अक्कांच्या वर टाकी.

*

गेल्या पौर्णिमेला सौ. गाणगापूरला जाऊन आल्या. संगमावर स्नान केलं, पादुकांचं दर्शन घेतलं, येताना दोन बाटल्या भरून तीर्थ आणलं. एक देवघरात ठेवली. दुसरी गल्लीतलं पोरगं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला चाललं होतं, त्याच्या हाती चिरंजीवांना पाठवून दिली. शेंगांची चटणी, कडक भाकरी आणि तीर्थ.

दोन दिवसांनी चिरंजीवांचा फोन. चटणीचं कौतुक झालं, भाकरीचं झालं. मग आवाज खाली आला.

"आई, ते पाणी कुठलं गं? गढूळ हाय, वास पण येतोय. दोन थेंब डोक्याला लावले आणि बाकीचं संडासात ओतलं. असलं पाणी पाठवतात का कुणी घरच्या माणसाला?"

सौ. तिसरी बादली हुंगत होत्या. फोन खांद्यात धरून म्हणाल्या, "तुझंच होतं की रे. आमचं थोडं वर घातलं होतं."